तुमचा बंड्या 'किनेस्थेटिक' तर नाही ना?

अकरावीच्या पहिल्या युनिट टेस्टला चिरंजीवांना केमिस्ट्रीत 25 पैकी 6 पडले म्हणून घाबरून जाऊ नका. आणि "गणितं सोडवली होतीस का रे?" असं तर चुकूनही विचारू नका. दहावीला 94 टक्के मिळवलेल्या मुलाला असं विचारतात का? मुलगा हुशारच आहे. त्याची 'लर्निंग स्टाइल', म्हणजे शिकण्याची शैली, तेवढी अजून कुणी ओळखलेली नाही.

ती ओळखून द्यायची सोय आता कोथरूडपासून हडपसरपर्यंत झाली आहे. मी भाच्याला घेऊन गेलो होतो. गार केबिन, भिंतीवर आइन्स्टाइन, टेबलावर प्रश्नावली. नवीन मोबाइल आणल्यावर तू काय करतोस? माहितीपुस्तिका वाचतोस, कुणाला विचारतोस, चित्रं बघतोस, की बटणं दाबत सुटतोस? भाचा बटणं दाबत सुटतो (कोण नाही सुटत?), म्हणून तो 'किनेस्थेटिक' निघाला. म्हणजे हातांनी शिकणारा. ताईच्या डोळ्यांत पाणीच आलं. सोळा वर्षं आपण ह्याला एका जागी बसवून अभ्यास करायला लावत होतो!

तुम्हीही रिपोर्ट घ्या आणि लॅमिनेट करून ठेवा. अप्पा बळवंत चौकात पुस्तकं आणायला जाल तेव्हा तेही काम होऊन जाईल. बारावीपर्यंत उपयोगी पडतो. केमिस्ट्रीतला 'मोल कन्सेप्ट'चा धडा का वाचला नाहीस, असं विचारलंत की रिपोर्ट पुढे येईल: छापील मजकूर आपल्या शैलीत बसत नाही.

या शास्त्राला परंपरा आहे बरं का. बघणारे, ऐकणारे, लिहिणारे-वाचणारे आणि करून बघणारे ही 'वार्क' नावाची वाटणी न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांची, 1987 सालची. पण तिच्यावरच अडून बसायचं कारण नाही. फ्रँक कॉफिल्ड आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये ब्रिटनमध्ये मोजदाद केली, तेव्हा अशा 71 पद्धती भरल्या. एक लागू पडली नाही तरी 70 शिल्लक. एवढ्या ज्योतिषांना आपण पत्रिकासुद्धा दाखवत नाही.

केमिस्ट्री हा विषय मात्र आडमुठा आहे. 9 ग्रॅम पाणी पेल्यात दिसतं, त्यातले 3.011 × 10²³ रेणू दिसत नाहीत, आणि अर्धा मोल (मोल म्हणजे कण मोजायचं एकक) हे उत्तर तर कागदावरच काढावं लागतं. डोळ्यांना दिसणारं, न दिसणारे कण आणि चिन्हं अशा तिन्ही पातळ्यांवर एकाच वेळी वावरावं लागतं म्हणून केमिस्ट्री जड जाते, असं ग्लासगोचे अ‍ॅलेक्स जॉनस्टन सांगून गेले. मुलागणिक एकेक पातळी वाटून देता आली असती तर किती बरं झालं असतं.

तरी शैलीला जागावं. भाचा जागला. प्रॅक्टिकलला ऑक्झॅलिक अ‍ॅसिड आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन होतं, म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात मोजून सोडायचं. अ‍ॅसिड गरम करून घ्यायचं, परमँगनेट थेंबाथेंबाने सोडायचं, आणि एका थेंबाने फिकट गुलाबी रंग आला आणि टिकला की थांबायचं. द्रावण गडद असतं, म्हणून ब्युरेटवर (खाली कॉक असलेल्या मोजनळीवर) वरच्या कडेचं रीडिंग घ्यायचं. पण बघत बसणं ही झाली 'व्हिज्युअल' मुलांची कामं. याने हाताने कॉक सोडला तो सोडलाच. फ्लास्कमध्ये कोकम सरबत. मग शेजारच्या टेबलावरून "9.8" असं कानावर आलं, तेच तीनदा वहीत उतरवलं. म्हणजे तो थोडा 'ऑडिटरी'ही आहे. रिपोर्टमध्ये हे राहूनच गेलं होतं.

काही गोष्टी मात्र मुलांच्या कानावर जाऊ देऊ नका. हॅरोल्ड पॅशलर आणि आणखी तीन मानसशास्त्रज्ञांनी 2008 मध्ये सगळा पुरावा चाळला. एखाद्याला अमुक पद्धत आवडते हे खरं, पण त्या पद्धतीने शिकवलं की त्याला जास्त येतं, याला पुरेसा आधार सापडला नाही, असं त्यांनी लिहून ठेवलंय. रोडिगर आणि कार्पिक यांचा 2006 चा प्रयोग तर त्याहून वाईट. उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुढे होते, पण आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत, मजकूर मिटून आठवून लिहिण्याचा सराव केलेल्यांनी त्यांना मागे टाकलं. यावरून घ्यायचा बोध सोपा आहे: बोर्डाला अर्ज करून वाचन झाल्यावर पाच मिनिटांत पेपर ठेवायला सांगावं.

एवढं करूनही सहामाहीला आकडा हलला नाही, तर शैलीवर संशय घेऊ नका. सरांची शैली जुळत नसणार. क्लास बदला. भाच्याचाही बदलला. आधीची फी परत मिळाली नाही, आणि नव्या क्लासमध्ये जुना रिपोर्ट चालत नाही म्हणाले. चाचणी पुन्हा करावी लागेल.