जुनी डीव्हीडी ‘एचडी’ होत नाही

‘अपस्केलिंग प्लेअर घ्या, लग्नाची डीव्हीडी एचडी होईल,’ असा मेसेज नाशिकच्या व्हॉट्सॅप ग्रुपांवर फिरतोय. हे खरं नाही. आपल्याकडच्या ‘पाल’ (PAL, भारतातली जुनी टीव्ही पद्धत) डीव्हीडीच्या एका चित्रात 720 × 576, म्हणजे सुमारे 4.15 लाख पिक्सेल (चित्राचे ठिपके) असतात. फुल एचडी पडद्याला 20.7 लाख लागतात. उरलेले पिक्सेल प्लेअर शेजारच्यांवरून अंदाजाने भरतो; यालाच अपस्केलिंग म्हणतात. नवा तपशील येणार कुठून? शिवाय हेच काम एचडी टीव्ही स्वतःही करतो, बऱ्याचदा जास्त चांगलं. म्हणून नव्या प्लेअरसाठी एम.जी. रोडवरचं दुकान गाठण्याआधी टीव्हीमागची केबल बघा. पिवळ्या पिनची असेल तर चित्र तिथेच पुसट होतं. प्लेअरला एचडीएमआयची (डिजिटल चित्र नेणाऱ्या केबलची) जागा असेल तर ती केबल लावा. टीव्हीचं अपस्केलिंगच कच्चं असेल, तरच नव्या प्लेअरवर खर्च करा. आणि त्या डीव्हीडीची कॉपी मात्र आजच काढून ठेवा.