‘घरी चालतो, क्लासमध्ये नापास’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार. तुमचा राग कळतो. मुलाचा प्रोग्राम घरच्या लॅपटॉपवर बिनतक्रार चालतो आणि आमच्या दादरच्या क्लासमध्ये त्याला २० पैकी ७ मार्क. वर तुम्ही लिहिलंय की सर पुस्तकी आहेत, लिनक्सवालेही कंपायलरची (कोड मशीनच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्रामची) एक्स्टेन्शन्स, म्हणजे नियमाबाहेरच्या जादा सोयी, वापरतात, मग आमच्या मुलानेच काय घोडं मारलं?

त्याने मेनच्या, म्हणजे मुख्य फंक्शनच्या, आत दुसरं फंक्शन लिहिलं होतं. १९८९ च्या स्टँडर्डपासून (भाषेच्या अधिकृत नियमांपासून) आजपर्यंत सी या भाषेत हे कधीच बसलेलं नाही. ही घरच्या लॅपटॉपवरच्या जीसीसी या कंपायलरने स्वतःहून दिलेली सोय. आमच्या मशीनवर क्लँग हा दुसरा कंपायलर आहे, तो दारातच अडवतो.

लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा बसतो, तसंच हे. ‘जरा सरका’ म्हटलं की जागा होते. पण त्या चौथ्या सीटवर हक्क सांगून भांडता येत नाही. जीसीसी तर न सांगताच सरकतो. सी ११ च्या (२०११ च्या स्टँडर्डच्या) नियमाने चाल म्हटलं तरी हे फंक्शन मुकाट्याने घेतो; ‘पेडँटिक’ (नियमाबाहेरचं दिसलं की सांग) हा पर्याय दिलात तरच कुरकुरतो. माझी तक्रार एक्स्टेन्शनबद्दल नाही, या मुकेपणाबद्दल आहे. आपण चौथ्या सीटवर बसलोय हे तुमच्या मुलाला कळलंच नव्हतं.

लिनक्सचं म्हणणं खरं आहे. त्याचा गाभा, म्हणजे कर्नल, २०२२ पासून सी ११ च्या जीएनयू अवतारात (जीसीसीच्या एक्स्टेन्शन्ससकट) बांधला जातो, त्याआधी जुन्या ८९ च्या. पण तिथे जाणूनबुजून घेतलेली उधारी आहे, आणि तीही फेडावी लागली. क्लँगने कर्नल बांधायचा म्हणून स्ट्रक्चरमधले बदलत्या लांबीचे ॲरे, हीही जीसीसीचीच सोय, लोकांनी एकेक करून काढले.

मी स्वतः टर्बो सी या जुन्या कंपायलरवर शिकलो. प्रोग्रामची पहिली ओळ कोनिओ (टर्बो सीसोबत येणारी, स्क्रीन-कीबोर्ड हाताळायची फाइल), दुसरी स्क्रीन पुसायची; तीच आमची सी. पहिल्या नोकरीत युनिक्सवर बसलो तर कोनिओ नावाची फाइलच नाही. दोन दिवस मशीन बिघडलंय समजून हिंडत होतो. (सिनियर हसला नाही, हे त्याचे उपकार.) तेव्हापासून क्लासमध्ये हा हट्ट आहे.

आता तुमचं बरोबर कुठे आहे ते. तपासणी पेडँटिक एरर (कुरकुर नाही, थेट नकार) लावून होते, हे प्रश्नपत्रिकेवर छापलेलं नव्हतं. ही चूक आमची. दुसऱ्या प्रश्नात त्याने केसमध्ये (कुठल्या किमतीला काय करायचं ते सांगणाऱ्या ओळीत) १ ते ५ अशी रेंज दिली होती. तीही एक्स्टेन्शन, पण क्लँगलाही चालते आणि सीच्या पुढच्या आवृत्तीच्या मसुद्यात आलेली आहे. टाइपऑफचंही (व्हेरिएबलचा प्रकार विचारायची सोय) तसंच झालं: वर्षानुवर्षं जीसीसीत वापरात होतं, मग सी २३ मध्ये अधिकृत झालं. कंपायलरवाल्यांनी आधी करून पाहिलं नसतं तर स्टँडर्ड समितीने घेतलं तरी कशाच्या भरवशावर असतं? तेव्हा रेंजचे ५ मार्क परत देतोय. आतल्या फंक्शनचे नाही.

शनिवारी ४ वाजता फेरपरीक्षा आहे, फी नाही. त्याला घरचाच लॅपटॉप घेऊन पाठवा. आधी त्यावर पेडँटिक कसा लावायचा ते दाखवतो, मग पेपर देतो.