घरच्या मैदानावरची हार: मडगाव आणि वोल्फ्सबुर्ग

14 ऑक्टोबर 2025 रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर भारतीय फुटबॉल संघ सिंगापूरकडून 1-2 असा हरला आणि 2027 च्या आशियाई चषकात पोहोचण्याची त्याची आशा तिथेच संपली. जागतिक क्रमवारीत आपल्या खाली असलेल्या संघाकडून, घरच्या मैदानावर आणि तेही आघाडी घेतल्यानंतर ही हार पत्करावी लागली. त्या रात्री भुसावळ, जळगाव आणि धुळे येथील माझ्या मित्रमंडळींत जो वाद पेटला, तो आजही कुठल्याही निमित्ताने पुन्हा वर येतो. चौदाव्या मिनिटाला लालियानझुआला छांगतेने दुरून मारलेल्या सुरेख गोलनंतर आपला संघ मागे का सरकला, हा त्या वादाचा गाभा. धुळ्याच्या मित्राने तो अहिराणीत एका ओळीत मांडला: ‘गोल व्हयना, मंग मांगे काबर सरकनात?’

या प्रश्नाची उत्तरे मित्रांनी आपापल्या स्वभावाप्रमाणे दिली. काहींच्या मते दोष प्रशिक्षक खालिद जमील यांचा. ज्यांनी 2017 मध्ये ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग या राष्ट्रीय साखळी स्पर्धेचे विजेतेपद मिळवून दिले, ते आधी घर राखून मग प्रतिहल्ला करण्याच्या खेळामुळेच ओळखले जातात; तेव्हा त्यांच्याकडून वेगळे काय घडणार, असा या गटाचा सवाल. दुसरा गट संदेश झिंगनच्या अनुपस्थितीकडे बोट दाखवतो. पाच दिवस आधी सिंगापुरात झालेल्या 1-1 बरोबरीच्या सामन्यात त्याला लाल कार्ड मिळाले होते, त्यामुळे मडगावला बचावफळीचा म्होरक्याच नव्हता. तिसरा गट मात्र थेट मला उद्देशून बोलतो, कारण मी जर्मनीत, वोल्फ्सबुर्गला नोकरीला आहे: ‘भाऊ, तुमच्याकडं असं चालतं का?’

चालते, आणि माझ्या गावातच चालले होते. 9 सप्टेंबर 2023 रोजी वोल्फ्सबुर्गच्या मैदानावर जपानने जर्मनीला 4-1 असे हरवले आणि दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षक हान्सी फ्लिक यांची गच्छंती झाली. जर्मन महासंघाच्या इतिहासात राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाला पदावरून दूर करण्याची ती पहिलीच वेळ होती. त्याच्या आदल्याच वर्षी, कतारमधील विश्वचषकात, याच जपानविरुद्ध जर्मनीने पेनल्टीवर आघाडी घेतली होती आणि शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत दोन गोल खाऊन सामना घालवला होता. जपानच्या असानोने केलेल्या दुसऱ्या गोलच्या वेळी बाकीची बचावफळी पुढे सरकली होती आणि उजवीकडचा निक्लास झ्यूले तेवढा मागे राहिल्याने असानो ऑफसाइड, म्हणजे बचावफळीच्या पलीकडे आधीच उभा असल्याने नियमबाह्य, ठरला नाही. चार जणांच्या फळीतील एकाची पावले चुकली की काय होते, याचा तो वस्तुपाठच होता. म्हणजे आघाडी घेऊन हरणे ही काही खास भारतीय व्याधी नाही, आणि हार झाल्यावर प्रशिक्षकाचे डोके मागणे हीसुद्धा नाही.

वोल्फ्सबुर्गच्या हारीनंतरच्या सोमवारी कारखान्यातल्या कँटीनमध्ये जे ऐकले, ते भुसावळच्या वादाहून फारसे शहाणपणाचे नव्हते. शिव्यांची भाषा तेवढी वेगळी होती. योझुआ किमिखला उजवा बचावपटू म्हणून उतरवून चेंडू आपल्याकडे असताना मधल्या फळीत आत आणण्याची जी चाल होती, तिच्यावर सगळ्यांचा राग होता, कारण चेंडू गमावला की त्याची जागा रिकामी पडत असे. माझ्याबरोबर तपासणी विभागात काम करणाऱ्या एका सहकाऱ्याने सुट्या भागांच्या नोंदीच्या कागदामागे ती रिकामी जागा मला पेन्सिलीने काढून दाखवली. आणि मग, मला न विचारताच, त्याच कागदावर त्याने आपल्या गावच्या अकरा वर्षांखालील मुलांची फळी काढली. तो दर शनिवारी त्यांना शिकवतो, आणि उजवीकडचा मुलगा पुढे गेल्यावर मधल्याने किती पावले सरकायचे, हे त्या वेळी त्याच्या संघाचेही दुखणे होते.

मला दोन्हीकडच्या वादांतला खरा फरक इथे दिसतो. जर्मन चाहता आमच्यापेक्षा समंजस आहे असे मुळीच नाही. पण बचाव ही गोष्ट त्याने स्वतः, बहुधा वाईट रीतीने, अनेक वर्षे खेळलेली असते. जर्मन फुटबॉल महासंघाखाली सुमारे 24 हजार क्लब आहेत. दोन-तीन हजार वस्तीच्या गावालाही स्वतःचा नोंदणीकृत क्लब, एक गवती मैदान, कपडे बदलण्याची खोली आणि वेगवेगळ्या वयोगटांचे संघ असतात, आणि त्यातील बहुतेकांना शिकवणारे पालक किंवा निवृत्त खेळाडू जवळजवळ फुकटच काम करतात. मूल सहा-सात वर्षांचे झाले की हिवाळ्याची सुट्टी वगळता जवळपास दर आठवड्याला खेळते. आज हरले तरी पुढच्या शनिवारी पुन्हा मैदानात असते. बचावपटूला ऑफसाइडची रेषा सांभाळायला शिकवायचे असेल, तर ती अनेकदा चुकण्याची मुभा त्याला द्यावी लागते, आणि ही मुभा सामन्यांच्या संख्येतूनच मिळते.

आमच्या खानदेशात काय आहे? भुसावळला फुटबॉल रुजला तो रेल्वेच्या आधाराने; वसाहतीतल्या मैदानांवर आमच्या आधीच्या पिढीने तो मनापासून खेळला. आमच्या वाट्याला आल्या त्या शालेय स्पर्धा. त्या प्रामुख्याने पावसाळ्यात होतात आणि बाद पद्धतीने होतात: तालुका, जिल्हा, मग नाशिक विभाग, मग राज्य. बहुतेक शाळांचा फुटबॉलचा वर्षभराचा हंगाम एका सकाळी संपतो. नऊ वाजता सामना, साडेदहाला पराभव, दुपारी वर्गात. अशा सामन्यात चेंडू पायात ठेवून गोलरक्षकाकडे परत देणाऱ्या पोराला क्रीडाशिक्षक बाहेर बोलावणार नाहीत तर काय करतील? त्या एका चुकीने संपूर्ण वर्ष जाते.

त्यात आमची माती. खानदेशची काळी माती कापसाला आणि केळीला जितकी मानवते, तितकीच पावसात ती फुटबॉलच्या जिवावर उठते. दोन सरी पडल्या की बुटांच्या तळव्यांना चिखलाचे लगदे चिकटतात, एकेक पाय वीटभर जड होतो, आणि दहा यार्डांवर दिलेला पास निम्म्या वाटेत रुतून बसतो. तिथे मागून चेंडू खेळवत आणणे हे शौर्य नसून आत्मघात आहे. म्हणून आम्हाला शिकवले गेले ते एकच: चेंडू आला की उडव. जमेल तितका लांब आणि जमेल तितका उंच. रेल्वेतून निवृत्त झालेले आमच्या शेजारचे एक काका, जे स्वतः चांगले बचावपटू होते, काठावर उभे राहून हेच ओरडत असत, आणि त्या मैदानापुरते त्यांचे म्हणणे बिनचूक होते. उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळते आणि पारा 45 अंशांच्या घरात जातो, तेव्हा कोणी खेळतच नाही.

अशा जागी वाढलेला प्रेक्षक मडगावचा सामना पाहतो तेव्हा त्याला बचाव म्हणजे धैर्याचा प्रश्न वाटतो, हे मी समजू शकतो. पुढे गेले म्हणजे शूर, मागे आले म्हणजे भित्रे. पण त्या रात्रीचा हिशेब तसा नाही. सिंगापूरच्या साँग उइ-यंगने मध्यंतराच्या तोंडावर, 44 व्या मिनिटाला बरोबरी साधली आणि 58 व्या मिनिटाला त्यानेच दुसरा गोल केला. आधीच्या तीन सामन्यांत मिळून भारताच्या खात्यावर जेमतेम दोन गुण होते. म्हणजे बरोबरीनेही भागणार नव्हते, आणि दुसरा गोल झाला तेव्हा गोलसंख्या बरोबरीतच होती. त्या क्षणी मागे बसून राहण्यात भारताचा कोणताच लाभ नव्हता. माझ्या मते त्या संघाचा दोष मागे येणे हा नव्हता. पुढची फळी पुढे आणि मागची मागे राहून मधले अंतर वाढले, की सिंगापूरसारखा चेंडू शांतपणे खेळवणारा संघ त्या जागेत निवांत घर करतो. ती जागा मिटवायला अकरा जणांनी एकाच वेळी सरकावे लागते, आणि एकाच वेळी सरकणे ही सवयीची गोष्ट आहे.

ती सवय त्या ऑक्टोबरात कुठून येणार होती? सामान्यतः सप्टेंबरमध्ये सुरू होणारी इंडियन सुपर लीग तेव्हा सुरूच झालेली नव्हती, कारण भारतीय फुटबॉल महासंघ आणि त्याच्या व्यावसायिक भागीदारामधील 2010 चा पंधरा वर्षांचा करार संपत आला होता आणि पुढचे काहीच ठरत नव्हते. खेळाडू क्लबच्या नियमित सामन्यांशिवाय देशासाठी उतरले होते. जमील यांनी ऑगस्टमध्ये सूत्रे हाती घेतली आणि त्यानंतर महिन्याभरात मध्य आशियाई देशांच्या स्पर्धेत ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला, तो याच बचावाच्या जोरावर. तेव्हा मात्र त्या बचावाला आमच्यापैकी कोणी भित्रा म्हटल्याचे मला आठवत नाही. त्यांना मी पूर्ण दोषमुक्त करतो असे नाही. बरोबरी झाल्यावर मध्यंतरात मधल्या फळीत एक ताजा खेळाडू आणायला हवा होता, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. पण हे झाले फार तर एका निर्णयाचे. 26 मार्च 2024 ला गुवाहाटीत, वेगळा प्रशिक्षक आणि झिंगनखेरीजची तशीच फळी असताना, सुनील छेत्रीच्या गोलने आघाडी घेऊन आपण अफगाणिस्तानकडून 1-2 असेच हरलो होतो. प्रशिक्षक इगोर स्टिमाच गेले, मानोलो मार्केझ आले आणि गेले, आणि गोलफलक मात्र तोच राहिला.

जर्मनीची आरती ओवाळण्याचा माझा हेतू नाही. इथेही लहान मुलांसाठी 2024-25 च्या हंगामापासून छोट्या मैदानावर तीन-तीन जणांचे, गुणतक्त्याविना सामने सक्तीचे झाले, तेव्हा ‘पोरांना हरण्याची सवय लावता’ म्हणून केवढा गदारोळ उठला. त्यात मोठ्या क्लबांचे पदाधिकारीही होते. पराभवाच्या भीतीने मूल चेंडू उडवून देते, म्हणून आधी ती भीती काढा, असे जर्मन महासंघाचे सांगणे होते. आमच्या बाद पद्धतीने नेमके उलटे केले आहे, आणि ती बदलायला परदेशी प्रशिक्षक लागत नाही.

हे सगळे मी मित्रांना लिहिले आणि सोबत एक सूचना केली की नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, जेव्हा खानदेशची जमीन कोरडी असते आणि सकाळ थंड, तेव्हा भुसावळ, जळगाव, अमळनेर, चाळीसगाव आणि धुळे येथील शाळांनी आपसांत साखळी सामने खेळावेत. प्रत्येकाला निदान आठ-दहा सामने मिळावेत, आणि चौदा वर्षांखालील गटात विजेता जाहीरच करू नये. जळगावच्या मित्राने लगेच अडचण सांगितली: याच चार महिन्यांत लग्नसराई असते, प्रदर्शने असतात, सभा असतात, आणि मैदान रिकामे नसते. शिवाय टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धांसाठी तेच मैदान आधीच ठरलेले असते, आणि त्यांना बक्षिसे देणारे पुढारी फुटबॉलकडे फिरकत नाहीत. अडचण खरी आहे. मी तिथे राहत नसल्याने तिचे उत्तर माझ्यापेक्षा त्यालाच चांगले सुचेल, हेही खरे. आता आमच्यात वाद चालू आहे तो रेल्वेचे मैदान रविवारी सकाळी सात ते दहा मिळवण्यासाठी अर्ज शाळेच्या नावे करावा की पालकांच्या मंडळाच्या, यावर. आणि धुळ्याचा मित्र, ज्याला अजूनही जमील यांचा राजीनामा हवा आहे, तो पंच म्हणून यायला तयार झाला आहे.