नकाशाचे मानपान

ऑफिसचा पत्ता दाखवणारा नकाशा असतो पानाच्या तळाशी. तिथवर जाणारे थोडेच, पण त्याच्यापायी लीफलेट या नकाशे दाखवणाऱ्या जावास्क्रिप्ट लायब्ररीची स्क्रिप्ट आणि स्टाइलशीट साइटच्या प्रत्येक पानावर, अगदी 'गोपनीयता धोरणा'वरसुद्धा, मुकाट उतरत असते. मग मीटिंगमध्ये कोणीतरी सुचवतं, "लागेल तेव्हाच लोड करा की! दोन ओळींचं तर काम." ओळी खरंच दोन-चारच असतात. क्रिएटएलिमेंटने स्क्रिप्ट टॅग बनवायचा, एसआरसी भरायचा, हेडमध्ये जोडायचा. त्या ओळींशी माझं भांडण नाही. मागवलेला माल येतोच. आधी कोण आणि मागून कोण, हे मात्र मीटिंगमध्ये ठरलेलं नसतं.

लीफलेट आणि त्याचं मार्करक्लस्टर (जवळजवळच्या खुणा एकत्र गोळा करणारं) प्लगइन तुम्ही एकापाठोपाठ जोडता. ब्राउझरला त्याचं काय? जावास्क्रिप्टने जोडलेली स्क्रिप्ट मुळातच असिंक, म्हणजे रांग न पाळणारी; जी आधी उतरेल ती आधी चालणार. प्लगइन अंगाने लहान, त्यामुळे ते पुढे पळतं आणि 'एल इज नॉट डिफाइन्ड' (एल म्हणजे कोडमधलं लीफलेटचं नाव) म्हणून कन्सोलमध्ये गळा काढतं. हेडमध्ये जोडण्यापूर्वी दोन्ही टॅगांवर असिंक फॉल्स केलं की क्रम पाळला जातो. हा घोळ ऑफिसच्या वायफायवर दिसेल तर शपथ! ब्राउझरच्या डेव्हटूल्समध्ये कॅशे (आधी साठवलेल्या फाइली) बंद करून नेटवर्क 3जीवर आणा, मग बघा.

तरी स्क्रिप्ट बरी, निदान बोंबलते. सीएसएस, म्हणजे ती स्टाइलशीट, यायचं राहिलं तर चकार शब्द नाही. नकाशाचे 256 पिक्सेलचे चौकोन वाटेल तिथे पांगतात. कोथरूड लोगोवर चढतं, हडपसर कॉपीराइटच्या ओळीत घुसतं. म्हणून प्रॉमिस.ऑलमध्ये (प्रॉमिस म्हणजे काम पुरं होईल किंवा फसेल याची पावती; ऑल सगळ्या पावत्यांसाठी थांबतं) स्क्रिप्टबरोबर स्टाइलशीट आणणाऱ्या लिंक टॅगच्या ऑनलोडचीही वाट बघायची, आणि नकाशाच्या चौकटीची, म्हणजे डिव्हची, उंची, समजा 320 पिक्सेल, पानाच्या स्वतःच्या सीएसएसमध्ये आधीच लिहून ठेवायची. उंची नसेल तर नकाशा शून्य पिक्सेलांत सुखाने नांदतो. मिटलेल्या टॅबमध्ये बनवलात, तर टॅब उघडल्यावर करडा ठोकळा दिसतो; तेव्हा नकाशाला माप पुन्हा घ्यायला लावणारं इनव्हॅलिडेटसाइझ चालवा.

सगळ्यात बेरकी दुखणं डॉमकंटेंटलोडेडचं, म्हणजे पानाचं एचटीएमएल वाचून झाल्याची वर्दी देणाऱ्या इव्हेंटचं. नकाशाच्या विजेटचा कोड इमानदारीत त्या इव्हेंटची वाट बघतो, पण हा उशिरा मागवलेला, इव्हेंट केव्हाच होऊन गेलेला. पंगती उठल्या तरी गडी अक्षता मुठीत घेऊन मंगलाष्टकांची वाट बघतोय! एरर नाही, वॉर्निंग नाही. पानाची अवस्था सांगणारं रेडीस्टेट 'लोडिंग' असेल तरच वर्दीची वाट बघणारा लिसनर लावा, नाहीतर सरळ फंक्शन चालवा.

एकाच पानावर दोन नकाशे असले की दोघेही तीच फाइल मागतात. इथे 'लोड झालं' असा झेंडा लावणारे फसतात: झेंडा फाइल मागवतानाच लागतो, दुसरा नकाशा तो बघून कामाला लागतो आणि फाइल अजून वाटेतच. यूआरएलच्या नावाने प्रॉमिसच साठवा. फाइल आली नाही, तर ते प्रॉमिस पुसायला विसरू नका, नाहीतर पान रिफ्रेश होईपर्यंत तोच नकार मिळत राहील.

मागवायचं कधी, हे एखादा भाग पडद्यावर आला की हाक मारणाऱ्या इंटरसेक्शन ऑब्झर्व्हरवर सोडा. रूटमार्जिन (पडद्याबाहेरची मोकळीक) 200 पिक्सेल दिलं की नकाशा नजरेत येण्याआधीच मागणी जाते. पहिल्या हाकेनंतर अनऑब्झर्व्ह करा, म्हणजे पहारा उठवा, नाहीतर वर-खाली स्क्रोल केलं की 'मॅप कंटेनर इज ऑलरेडी इनिशियलाइज्ड' ऐकून घ्यावं लागतं. आणि पत्ता एचटीएमएलमध्ये साध्या अक्षरांत असू द्या, पिनकोडसकट. कुरिअरवाला तेवढंच बघतो.