बेसाल्टचा मुद्दा मान्य, पण शिशाचं काय?

सर,

नाशिकच्या उद्यानांतल्या मातीत घातक धातू असू शकतात, अशा माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा चहाचा कप घेऊन बसले, तेव्हा लक्षात आलं की राग आला कारण त्यातला एक मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. म्हणून खाली दोन ओळींत आभार मानून मोकळी न होता स्वतंत्रच लिहिते आहे.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी तिचा सारांश देते. सरांनी आयुष्यभर भूगर्भशास्त्र शिकवलं. त्यांचं म्हणणं असं: नाशिकची माती बेसाल्टपासून, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकापासून झालेली, तिच्यात निकेल, क्रोमियम, तांबं जन्मतःच भरपूर, तेव्हा त्याला प्रदूषण म्हणणं अडाणीपणा. शिशाचं पेट्रोल २००० सालीच गेलं. परदेशी मर्यादा इथल्या मातीला लावायच्या नसतात. मॅडमनी स्वतः एकही आकडा दिलेला नाही. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं: 'माझी नात रोज संध्याकाळी झोक्यावर असते, तिला आता घरात कोंडू का?'

आधी माझी चूक. मी लेखात शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल हे सगळे एका ओळीत बसवले, जणू चौघांवर एकच गुन्हा आहे. ते चुकलं. नाशिकच्याच अंबडला, धातूवर क्रोमचा मुलामा देणाऱ्या (प्लेटिंगच्या) कारखान्याच्या लॅबमध्ये माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे क्रोमियम म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर क्रोम बाथचं ते नारिंगी पाणीच येतं. ते क्रोमियमचं षट्संयुजी रूप, खरंच घातक. तुमच्या बेसाल्टमधलं क्रोमियम दुसऱ्या रूपातलं, त्रिसंयुजी, खनिजांच्या जाळीत घट्ट अडकलेलं. लॅबचा 'एकूण क्रोमियम'चा आकडा या दोघांत फरक करत नाही. सेंद्रिय द्रव्य असलेल्या मातीत षट्संयुजीसुद्धा हळूहळू त्रिसंयुजी होतं. तेव्हा काळ्या मातीत क्रोमियम शंभर पीपीएम (म्हणजे किलोमागे शंभर मिलिग्रॅम) निघालं म्हणून कुणी बोंब मारली तर तुम्ही हसणार, आणि तुमचं बरोबर. गंमत म्हणजे घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत शहरी कंपोस्टसाठी क्रोमियमची मर्यादा किलोमागे ५० मिलिग्रॅम ठरवली होती. म्हणजे आपली काळी माती पोत्यात भरून कंपोस्ट म्हणून विकायला काढली तर ती नापास होऊ शकते. निकेलचंही तेच. मूळ लेखातून ते दोन परिच्छेद काढून टाकले आहेत.

तांब्याचा निकाल मात्र इतका सरळ नाही. बेसाल्टमध्ये तांबं असतं, कबूल. पण मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव या बाजूंना आज जिथे इमारती आहेत, तिथे काल द्राक्षाचे मांडव होते. माझ्या माहेरचाच बाग होता, म्हणून सांगते. छाटणी झाली की खोडाला बोर्डो पेस्ट, पाऊस लांबला की केवड्याच्या भीतीने बोर्डोची फवारणी. मोरचूद आणि चुना, वर्षामागून वर्षं. तांबं पावसाने वाहून जात नाही, वरच्या वीतभर थरात बसून राहतं. मग जमीन एनए (बिगरशेती) होते, ले-आउट पडतो, कोपऱ्यातली ओपन स्पेस सुटते, तिथे महापालिका दोन झोके आणि एक घसरगुंडी उभी करते. त्या मातीतलं तांबं किती बेसाल्टचं आणि किती आमच्या वडिलांच्या पंपातलं, हे नुसत्या आकड्यावरून तुम्हीही सांगू शकणार नाही, सर. अर्थात तांब्याने पोरांचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते गांडुळांचं.

आता शिसं. तुमचाच बेसाल्ट इथे तुमच्या विरुद्ध साक्ष देतो. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार की बेसाल्टमध्ये शिसं अगदी कमी, बहुधा एक आकडी पीपीएम. ग्रॅनाइटात त्याच्या कित्येक पट. म्हणजे विदर्भाच्या पूर्व टोकाला मातीत वीस-पंचवीस पीपीएम शिसं निघालं तर 'खडकातलं असेल' म्हणून सोडून देता येईल. नाशिकला तेवढंच निघालं तर विचारावं लागेल की बाबा, तू आलास कुठून? ज्या खडकामुळे निकेल-क्रोमियम निर्दोष सुटतात, त्याच खडकामुळे शिशाला लपायला जागा उरत नाही.

पेट्रोलबद्दल तुम्ही म्हणता ते अर्धं खरं. शिसेमुक्त पेट्रोल देशभर २००० च्या फेब्रुवारीपासून आलं. पण शिसं कुजत नाही, उडून जात नाही, आणि आपल्या चिकण, किंचित अल्कली मातीत तर जागचं हलतही नाही. १९८८ साली रिक्षाच्या धुरातून पडलेलं शिसं आजही तिथेच असणार, रस्ता खणून काढला नसेल तर. मात्र इथे तुमच्या बाजूचा एक मुद्दा मीच देते, जो तुम्ही मांडला नाहीत. मुंबई-आग्रा रस्त्यावरचा मोठा राबता ट्रकांचा, ट्रक डिझेलवर, आणि डिझेलमध्ये शिसं कधी घालतच नव्हते. तेव्हा मी लेखात द्वारका चौक आणि महामार्गाकडे जे बोट दाखवलं ते थोडं घाईत दाखवलं. स्कूटर-रिक्षांची गर्दी होती ती जुन्या गावात, शालिमार-भद्रकालीकडे, आणि त्या धुरातलं शिसं रस्त्याच्या कडेलाच जास्त साठतं.

माझा खरा संशय रस्त्यावर नाही. झोक्यावर आहे.

उद्यानातली खेळणी रंगवताना कधी उभं राहून बघा. पेंटर पॉलिश पेपरने किंवा पत्रीने जुना रंग खरवडतो, पोपडे खाली पडतात, तो त्यावरून चपला घासत फिरतो आणि मग वरून नवा चकचकीत पिवळा-लाल हात मारतो. खाली चादर नाही, पाणी मारणं नाही. रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम २०१६ चे, लागू झाले १ नोव्हेंबर २०१७ पासून, आणि तेही घरगुती व सजावटीच्या रंगांसाठी. कारखान्यांत वापरायचे रंग त्यात येत नाहीत. आता विचार करा, २०१७ च्या आधी बसवलेल्या लोखंडी झोक्यावर रंगाचे किती थर चढले असतील? जुना पिवळा एनॅमल म्हणजे पुष्कळदा लेड क्रोमेट. (हो, यातलं क्रोमियम षट्संयुजीच. इथे मात्र माझं नारिंगी पाणी उगाच आठवत नाही.) जुना गंजरोधक शेंदरी प्रायमर म्हणजे रेड लेड. हल्ली मिळतो तो रेड ऑक्साइड, तो लोखंडाचा, त्याची भीती नाही. दिसायला मात्र दोघे सख्खे भाऊ.

आणि रेड लेडचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट लिहिते, मूळ लेखात लिहायला कचरले होते. आपला पारंपरिक शेंदूर म्हणजे हेच. वजनाने नव्वद टक्के शिसं. आपल्या कितीतरी उद्यानांत वडाचा किंवा पिंपळाचा पार असतो, पाराशी मारुती असतो, शनिवारी तेल-शेंदूर चढतो. वर्षानुवर्षांचं ते कवच पावसात भिजतं, सुटतं, पाराखाली उतरतं. बाजारात आज मिळणारा प्रत्येक शेंदूर शिशाचाच असतो असं नाही, कृत्रिम रंगाचेही असतात. पण मी माती गोळा करायला निघाले तर झोक्यानंतरची दुसरी पिशवी पाराची असेल. यात देवाला काही म्हणायचं नाही, माझी आजीही चढवायची.

मर्यादा परदेशी आहेत हे खरं, आणि त्यांत एकवाक्यता नाही हेही खरं. अमेरिकेत मुलांच्या खेळायच्या जागेसाठी २००१ साली ४०० पीपीएम ठरवले, जानेवारी २०२४ मध्ये निवासी मातीसाठी छाननीचा आकडा २०० वर आणला. कॅनडा घर आणि उद्यानांसाठी १४० म्हणतो, कॅलिफोर्निया ८०. एकच धातू आणि आकडे चार. पण सर, हे आकडे खडकावरून काढलेले नाहीत, मुलाच्या तोंडावरून काढलेले आहेत. खेळणारं लहान मूल हात, खेळणी, बोटं यांवाटे दिवसाला साधारण शंभर मिलिग्रॅम माती पोटात घालतं असं धरतात, चिमटीत जेमतेम येईल एवढी. समजा मातीत शिसं २०० पीपीएम आहे, तर ते झाले रोजचे २० मायक्रोग्रॅम. मोठ्या माणसाच्या शरीरात त्यातला दहावा हिस्सा शोषला जातो, लहान मुलाच्या निम्म्यापर्यंत. माती ३० पीपीएमची असेल तर पोटात जाणारं शिसं ३ मायक्रोग्रॅम. हे गणित करायला बोस्टनचं मूल आणि इंदिरानगरचं मूल यांत काय फरक? असलाच तर आपलं मूल झोक्यावरून उतरतं ते थेट फाटकाशी भेळेच्या गाडीवर जातं, आणि भेळ काही काट्याचमच्याने खात नाही. मुलांच्या रक्तातली शिशाची अमुक पातळी निर्धोक, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही. आपल्याकडे केंद्राने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले, पण त्यांचा रोख घातक रसायनं टाकलेल्या जागांवर आहे. झोक्याखालची चार फूट माती त्यात कोण धरणार?

'मॅडमनी एकही आकडा दिलेला नाही.' नाही दिला. का नाही, ते ऐका. मी एक पिशवी घेऊन माती परीक्षण करणाऱ्या एका प्रयोगशाळेत गेले होते. खिडकीतल्या मुलाने फॉर्म पुढे सरकवला आणि विचारलं, "पीक कोणतं?" मी म्हटलं, "झोका." तो हसला नाही. शेवटी 'पडीक' असं लिहिलं. अहवाल आला त्यात सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, जस्त, लोह, तांबं, मंगल. शिशाचा रकानाच नव्हता. त्यांची चूक नाही. मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात आणि शिसं त्यांत नाही, कारण ती पिकासाठी आहे. त्यातलं तांबंसुद्धा डीटीपीए नावाच्या सौम्य द्रावणाने काढलेलं, म्हणजे झाडाच्या मुळाला सहज मिळेल तेवढंच. जवळजवळ एकूण धातू मोजायचा तर माती अम्लराजात, म्हणजे दोन तीव्र आम्लांच्या मिश्रणात, उकळावी लागते. आणि पोराच्या पोटात किती सुटेल हे बघायचं तर तिसरीच रीत: पोटासारखं आम्ल, दीड सामू, ३७ अंश, एक तास घुसळायचं. खडकाच्या जाळीतला धातू या तासाभरात फारसा बाहेर येत नाही, रंगाच्या पोपड्यातला येतो. तुमच्या-माझ्या वादाचा निकाल त्या एका तासात लागेल. नत्र-स्फुरदाचा अहवाल लेखात चिकटवून मी 'तपासलं' म्हणाले असते तर तुम्हीच मला फाडून खाल्लं असतं.

तुम्ही म्हणाल, वरची आणि खालची माती वेगवेगळी तपासा, वर जास्त भरलं तर माणसाचं, सारखंच भरलं तर खडकाचं. शेतात हे चालेल. उद्यानात नाही. एक तर काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं खाली जातं. दुसरं म्हणजे उद्यानातली माती तिथली असतेच कुठे? खाली मुरमाचा भराव, वर कुठल्या तरी साइटच्या खोदाईतून डंपरने आणलेला पोयटा, त्यावर लॉनसाठी लाल माती आणि कंपोस्ट. खतात शिशाला १०० पर्यंत मुभा आहे, तीही दरवर्षी भर घालते. त्यामुळे खोलीपेक्षा प्रमाण बघावं असं माझं मत आहे: शिशाला लोह किंवा टायटॅनियमने भागायचं, कारण ते मुख्यतः खडकातूनच येतात, आणि ताज्या बेसाल्टाशी ताडायचं. इथे तुमच्याइतका जाणकार मला दुसरा मिळणार नाही.

नातीला कोंडू नका, सर. असं मी लेखातही म्हटलं नव्हतं, पण तसा सूर लागला असेल तर तो माझा दोष. मोकळं धावणं बंद करून जेवढं नुकसान होईल तेवढं तिथली माती बहुधा करणार नाही. घरी आल्यावर साबणाने हात, भेळेच्या आधी हात, आणि झोक्याखाली जिथे पाय घासून गवत गेलंय तिथे पुन्हा गवत किंवा नदीची वाळू. महापालिकेकडे मागणी करायची तर एवढीच करू या की रंग खरवडताना खाली ताडपत्री अंथरा, पाणी मारून खरवडा, आणि पोपडे गोळा करून न्या. त्याला ना प्रयोगशाळा लागते ना टेंडर.

आता नमुन्यांचं. एका रविवारी सकाळी सातला, दव वाळायच्या आत, तुमच्याच उद्यानात भेटू. झोका, पार, रस्त्याकडचं कुंपण, फुलांचा वाफा, आणि दूरचा एखादा कोपरा जिथे कुणी जात नाही. प्रत्येक ठिकाणच्या पाच-पाच चिमटी एकत्र करून एक पिशवी. ताज्या खडकाचा तुकडा तुम्ही आणा, कुठला घ्यायचा ते तुम्हालाच कळेल. खुरपं मात्र आणू नका, मी प्लास्टिकचं आणते. स्टीलच्या खुरप्याने नमुन्यात निकेल आणि क्रोमियम उतरायचं, आणि मग त्यावरून आपण पुन्हा भांडत बसू.