पवनी भोसल्यांनी वसवली नाही, आणि ती बुडालेलीही नाही

नागपुरात सध्या एक मेसेज इकडून तिकडे फिरतोय. भंडारा जिल्ह्यातली पवनी भोसल्यांनी वसवली, त्याआधी तिथे नुसतं रान होतं, आणि जुनं जे काही होतं ते गोसेखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, म्हणून आता तिकडे जाण्यात अर्थ नाही. यातलं एकही वाक्य टिकत नाही.

भोसल्यांचं राज्य नागपुरात आलं अठराव्या शतकात. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९६९-७० मध्ये खोदकाम केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या त्या उत्खननात विटांचा भलामोठा स्तूप निघाला, इसवी सनापूर्वीचा. सोबत कोरीव दगडी खांब निघाले, त्यांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मीत आहेत. एका शिल्पात फणा उभारलेला नाग आहे आणि बाजूला त्याचं नावच कोरलंय, मुचलिंद. बुद्धाला पावसापासून जपणारा तोच हा नाग. दोन हजार वर्षांमागे ज्या गावचे लोक दगडावर नाव कोरून दान देत होते, त्याला रान कसं म्हणायचं?

किल्ल्याचा दरवाजा पाहून लोकांची गफलत होते. दरवाजाचं दगडी काम नंतरचं, पण तट मुळात मातीचा आणि फार जुना. पुढे खंदक, एका अंगाला वैनगंगा. तटावर उभं राहिलं की गावाची जागा कुणी आणि का निवडली असेल ते लगेच कळतं.

धरणाचं तर नकाशा उघडला तरी पुरे. गोसेखुर्दचं धरण पवनीच्या उत्तरेला आहे, नदी वाहते दक्षिणेला आणि जलाशय मागे भंडाऱ्याकडे पसरलाय. दारं उघडली की पवनीला पुराची धास्ती असते, ती खरीच. धरणात घरंदारं गेलेल्या गावांचं दुःखही खरं आहे, त्यांच्या नावावर ही थाप खपवू नये.

पवनीतच सापडलेला महाक्षत्रप (ही शक राजांची पदवी) कुमार रुपिअम्माचा स्मृतिस्तंभ आपल्या अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे. नागपूरकरांनी आधी तो पाहावा. मग उमरेड-भिवापूरच्या रस्त्याने पवनी गाठावी, पंचमुखी गणपतीचं दर्शन घ्यावं, घाटावर उतरावं आणि टेकडीसाठी सकाळ मोकळी ठेवावी, कारण दुपारी तिथे ऊन फार लागतं.