अंगावरून वारं गेल्यावर "पडून राहा" सांगणारा तो मेसेज

फॅमिली ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड आलाय. अंगावरून वारं गेलेल्या माणसाला तीन महिने पलंगावरून उठवू नका, तेल लावून हात ओढून मोकळा करा, तोल जातो तो अशक्तपणामुळे, आणि सहा महिन्यांत जे आलं नाही ते पुढे येतच नाही. बाबांचं सगळं मी केलंय म्हणून लिहितेय.

तीन महिने पडून राहिलं तर पाठीला जखमा, छातीत कफ, पायात गुठळी, हेच हाती लागतं. हां, पहिल्याच दिवशी ओढाताण करून चालवणं पण चुकीचंच, 2015 च्या अव्हर्ट नावाच्या ट्रायलमध्ये (म्हणजे पेशंटवर केलेल्या चाचणीत) वारं गेलेले 2104 पेशंट होते आणि त्यात 24 तासांच्या आत जास्त उठवलेल्यांचे रिझल्ट उलट कमी चांगले आले. डॉक्टर हो म्हणाले की थोडं थोडं, पण दिवसातून अनेकदा.

हात तर ओढूच नका, त्या खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, सांधा खाली उतरतो. हलक्या हाताने तेल लावा, पण त्याने तोल येत नाही.

आणि तोलाचं म्हणाल तर बाबा बसले की धडधाकट उजव्या हाताने गादी रेटून डावीकडे कलायचे, आम्ही सरळ करायला गेलो की अजूनच जोर लावायचे, आई म्हणायची हट्टीपणा करतात. हट्ट नव्हता तो, पुशर सिंड्रोम होता! जर्मनीतले मेंदूचे डॉक्टर कार्नाथ यांनी मोजलंय, अशा पेशंटला डोळे बंद असताना अंग चांगल्या बाजूला साधारण 18 अंश कललेलं असेल तेव्हा सरळ बसल्यासारखं वाटतं. पण डोळ्यांना सरळ काय ते बरोबर कळतं, म्हणून आमच्या फिजिओताई त्यांना दाराच्या चौकटीसमोर बसवायच्या, "काका, चौकट बघा, आता तुम्ही कुठं कललाय सांगा", मग उजवीकडे लांब ठेवलेला तांब्या घ्यायला लावायच्या. ढकलायचं नाही, त्यांचं त्यांना वळू द्यायचं.

राहिली सहा महिन्यांची गोष्ट. पहिले काही महिने सुधारणा भराभर होते हे खरंय, पण नंतर दार बंद होत नाही. अमेरिकेतल्या लीप्स ट्रायलमध्ये (2011, 408 जण) ज्यांचं ट्रेडमिल ट्रेनिंगच सहा महिन्यांनी सुरू झालं त्यांचंही चालणं सुधारलं, आणि घरी फिजिओकडून ताकदीचे नि तोलाचे व्यायाम करणारे ट्रेडमिलवाल्यांच्या मागे पडले नाहीत.

आमचा नववा महिना चालू होता, तेव्हा बाबांनी पहिल्यांदा कशालाही न टेकता उभं राहून पायजम्याची नाडी स्वतः बांधली.